पडद्यावरच्या बापांची नावं

'दीवार' म्हटलं की आई आठवते. निरुपा रॉय यांचा तो थकलेला, ताठ चेहरा आणि दोन मुलांच्या मधोमध उभी राहिलेली बाई. पण १९७५ च्या त्या चित्रपटाची खरी गाठ बापापाशी पडते. आनंद वर्मा हा कामगारांचा पुढारी. मालक त्याच्या बायकामुलांना ओलीस धरतो आणि समोर कागद सरकवतो. हा सही करतो. ज्या कामगारांसाठी लढला तेच त्याला गद्दार म्हणून मारायला धावतात आणि तो घर सोडून परागंदा होतो. थोरल्या मुलाच्या कोवळ्या हातावर बाप चोर असल्याचं गोंदवलं जातं. पुढे विजय वर्मा गोदीत, गुन्हेगारांच्या टोळीत आणि आलिशान बंगल्यात जिथे जिथे जातो, तिथे ते गोंदण त्याच्याबरोबर असतं. बाप मात्र उरलेलं आयुष्य रेल्वेच्या डब्यांतून काढतो आणि डब्यातच मरतो.

ही भूमिका सत्येन कप्पू यांनी केली. सही करतानाचा त्यांचा चेहरा पुन्हा पाहा. त्यात शूरपणा नाही, रडारड नाही. आपण काय करतो आहोत हे पुरतं कळलेला आणि तरीही दुसरं काही करू न शकणारा माणूस आहे. त्याच वर्षी 'शोले' आला. त्यातला ठाकूरचा नोकर रामलालही त्यांनीच केला. एका वर्षातल्या, आजही पुन्हा पुन्हा पाहिल्या जाणाऱ्या दोन चित्रपटांत हा नट आहे. तरी चांगल्या जाणकार प्रेक्षकांच्या बैठकीतही त्यांचं नाव पटकन कुणाच्या तोंडी येत नाही. 'तो बघ, तो नेहमी असायचा ना, तो', इथवर गाडी येते आणि थांबते.

मला हे साधं विसरणं वाटत नाही. चित्रपटाची आठवण समाजात आपोआप तयार होत नाही. पडद्यावरची श्रेयनामावली, जाहिरात, पुरस्कार, संग्रहालय, वर्तमानपत्रातले मृत्युलेख आणि आता मोबाइलवरच्या ॲपमधली चौकट, एवढ्या सगळ्यांच्या हातून ती घडते. ही सगळी व्यवस्था आपण नायकाभोवती उभारली. बापाची भूमिका करणारे नट तिच्यात बसले नाहीत म्हणून गळाले. आता जुने चित्रपट सरकारी पैशाने नव्याने उजळले जात आहेत. अशा वेळी ही चूक दुरुस्त करणं सार्वजनिक जबाबदारी ठरते, असं माझं ठाम मत आहे.

नावं हरवली कशी, ते आधी पाहू. जुन्या हिंदी आणि मराठी चित्रपटांत श्रेयनामावली सुरुवातीलाच यायची. नायक-नायिकेची नावं मोठ्या अक्षरांत, स्वतंत्र पाटीवर. त्यानंतर एकाच पाटीवर आठ-दहा नावांचा गठ्ठा आणि कोण कोणती भूमिका करतं याचा पत्ता नाही. प्रेक्षक अजून खुर्ची शोधतोय तोवर पाटी गेलेली. पुढचे तीन तास चेहरा समोर दिसत राहतो, पण नाव आणि चेहरा यांची सांगड कधी पडत नाही. नायकाच्या बाबतीत ती सांगड रस्त्यावरचं पोस्टर घालून देतं. बापाचा चेहरा पोस्टरवर क्वचितच यायचा. पुढे दूरदर्शन आणि व्हिडिओ कॅसेटचा काळ आला, मग इंटरनेट. जुन्या चित्रपटांच्या अनेक प्रतींमधून सुरुवातीच्या पाट्याच कापल्या गेल्या. नावाचा एकमेव पुरावाही तिथे संपला.

नझीर हुसेन यांचं उदाहरण घ्या. पन्नास ते सत्तरच्या दशकांतल्या हिंदी चित्रपटांतला सर्वांत ओळखीचा बाप कोण, असं विचारलं तर चेहरा त्यांचा येईल. भरदार अंग, दाटून आलेला आवाज, छातीवर हात. पण पाट्यांवर त्यांचं नाव कधी नझीर हुसेन, कधी नासिर हुसेन असं पडलं आणि त्यामुळे 'तुमसा नहीं देखा' करणारे दिग्दर्शक नासिर हुसेन यांच्याशी त्यांची आजही गल्लत होते. ज्याच्या नावाचं एक अक्षरही जपलं गेलं नाही, त्याचं आयुष्य कोण जपणार?

आणि हे आयुष्य थोर होतं. उत्तर प्रदेशातल्या गाझीपूर जिल्ह्यात १९२२ साली जन्मलेला हा माणूस दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश फौजेतून लढायला गेला, युद्धकैदी झाला आणि सुभाषबाबूंच्या आझाद हिंद सेनेत सामील झाला. परत आल्यावर दिग्दर्शक बिमल रॉय यांच्या हाताखाली आला. १९५० चा 'पहला आदमी' आझाद हिंद सेनेवरच होता आणि त्याच्या लेखनात नझीर हुसेन यांचा हात होता. 'दो बीघा ज़मीन' आणि 'देवदास' या बिमलदांच्या चित्रपटांत ते दिसले. भोजपुरीतला पहिला चित्रपट १९६३ साली आला, 'गंगा मैया तोहे पियरी चढ़इबो'. तो लिहिला नझीर हुसेन यांनी. राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनीच त्यांना आपल्या बोलीत चित्रपट काढण्याचं सुचवलं, अशी हकिकत सांगितली जाते. आज शेकडो कोटींची उलाढाल करणाऱ्या एका भाषेच्या चित्रपटसृष्टीचा हा उगम. आपण मात्र त्यांना 'रडका बाप' या दोन शब्दांत बसवलं.

१९६७ च्या 'ज्वेल थीफ'मध्ये ते देव आनंदचे वडील आहेत. देव आनंद यांचा जन्म १९२३ चा. म्हणजे बाप मुलापेक्षा जेमतेम एका वर्षाने मोठा. असेच बाप रंगवणारे मनमोहन कृष्णही १९२२ चेच, दिलीपकुमारही १९२२ चे. एका पिढीतल्या काहींना तरुण राहण्याची मुभा मिळाली आणि काहींच्या केसांना पस्तिशीतच पांढरी पावडर लागली. नायकाचं तारुण्य खरं वाटावं म्हणून त्याच्याच वयाच्या कुणीतरी म्हातारं व्हावं लागतं. एकदा म्हातारा झालेला नट पुन्हा तरुण होत नाही, कारण निर्माता त्याला दुसरं काही देतच नाही. पुढे 'सारांश'मध्ये, १९८४ साली, तिशीही न गाठलेल्या अनुपम खेर यांनी शिवाजी पार्कच्या निवृत्त मास्तर प्रधानांची भूमिका केली. तिथे बाप हाच नायक होता, म्हणून त्या भूमिकेने त्यांना नाव दिलं. नझीर हुसेन यांना अशी भूमिका कुणी लिहिलीच नाही.

आता मी ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येतो. हिंदी चित्रपटातला बाप म्हणजे 'नाही' म्हणणारा, पगडी सांभाळणारा, प्रेमाच्या आड येणारा माणूस, अशी आपली समजूत झाली आहे. ती अर्धीच खरी आहे. आपल्या चित्रपटांत जन्म देणारा आणि वाढवणारा यांची वारंवार फारकत होते. मूल टाकून पळून जाणारा कित्येकदा देखणा नायक असतो आणि ते उचलून छातीशी धरणारा असतो चरित्र अभिनेता.

'धूल का फूल' १९५९ चा, यश चोप्रा यांचा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट. राजेंद्रकुमारने रंगवलेला महेश प्रेयसीला दिवस गेल्यावर पाठ फिरवतो, दुसरं लग्न करतो आणि पुढे न्यायाधीश होऊन बसतो. जंगलात टाकलेलं मूल सापडतं ते अब्दुल रशीद या एकट्या, म्हाताऱ्या मुसलमानाला. मूल कुणाचं, कोणत्या जातीधर्माचं, माहीत नाही. स्वतःचा समाज त्याला वाळीत टाकतो, दुसरा समाज संशयाने बघतो. तो मूल वाढवतो. साहिरचं ते गाणं, मूल हिंदू होणार नाही, मुसलमान होणार नाही, माणूस होईल, असं सांगणारं, याच अब्दुलच्या तोंडी आहे. फाळणीला तेव्हा अवघी बारा वर्षं झाली होती. त्या काळात एका मुसलमान बापाला एवढ्या उंचीवर नेऊन ठेवणं ही लहान गोष्ट नव्हती, आणि ती उंची पेलली मनमोहन कृष्ण यांनी. वय सदतीस. गाण्याचे कवी साहिर आणि गायक रफी आपल्याला माहीत आहेत. चेहरा कुणाचा, हे विचारलं की शांतता पसरते. या भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअर मिळालं होतं. पुढे १९७९ साली 'नूरी' त्यांनी दिग्दर्शित केला, हेही आज सांगावं लागतं.

त्याआधी पाच वर्षं, १९५४ च्या 'बूट पॉलिश'मध्ये, झोपडपट्टीतल्या दोन अनाथ पोरांना भीक सोडून कष्टाची भाकर खायला शिकवणारा जॉन चाचा होता. तो केला डेव्हिड यांनी. डेव्हिड अब्राहम हे आपल्या कोकणातल्या बेने इस्रायल समाजातले, म्हणजे ज्यांची घरची भाषा पिढ्यान् पिढ्या मराठी होती त्या ज्यू समाजातले. 'नन्हे मुन्ने बच्चे तेरी मुट्ठी में क्या है' हे गाणं महाराष्ट्रातल्या किती शाळांच्या स्नेहसंमेलनांत झालं असेल! त्या गाण्यातला म्हातारा आपल्याच मातीतला होता, ही माहिती मात्र मुलांपर्यंत पोचली नाही. सहायक अभिनेत्याचा पहिला फिल्मफेअर पुरस्कार याच भूमिकेला मिळाला.

'अमर अकबर अँथनी'त तीन मुलं बापापासून तुटतात आणि त्यातल्या अँथनीला चर्चमधला पाद्री वाढवतो. तो पाद्री म्हणजे पुन्हा नझीर हुसेन. 'लावारिस'मध्ये बेवारस हिरा दारुड्या गंगू गणपतच्या हाती पडतो, तो श्रीराम लागूंनी केला. ही नुसती कथानकातली सोय आहे असं म्हणून सोडून देता येणार नाही. फाळणीने, स्थलांतराने, शहराकडे धावणाऱ्या गरिबीने लाखो घरं मोडलेल्या देशाला चित्रपट सांगत होता की बापपण रक्तावर अवलंबून नाही. हा स्वतंत्र भारताच्या लोकप्रिय कलेने मांडलेला एक मोठा नैतिक विचार आहे. तो विचार ज्यांच्या चेहऱ्यांनी आपल्यापर्यंत पोचवला त्यांची नावं आपल्या अभ्यासक्रमात नाहीत, टपाल तिकिटांच्या चर्चेत नाहीत, रस्त्यांच्या पाट्यांवर तर नाहीतच.

आईच्या बाबतीत असं झालं नाही, ही तुलना मला महत्त्वाची वाटते. दुर्गा खोटे, लीला चिटणीस, सुलोचनाबाई, निरुपा रॉय, रीमा. पडद्यावरच्या आयांची एक परंपरा आहे, तिला नावं आहेत. सुलोचनाबाईंना २००९ चा महाराष्ट्र भूषण मिळाला आणि सगळ्या राज्याला आनंद झाला. त्या बायकांनाही भूमिकांचा साचा होताच आणि त्यांच्यावरही अन्याय झाला. पण निदान त्यांना कुणाची तरी आई म्हणून ओळखलं गेलं. पडद्यावरचा बाप म्हणून असा मान मिळालेला चरित्र अभिनेता शोधावा लागतो. मला वाटतं, याचं कारण कथेच्या रचनेत आहे. आपल्या चित्रपटात आईला जिंकायचं असतं आणि बापाला हरवायचं असतं. नायक मोठा व्हायचा तर बाप वाटेतून बाजूला व्हायला हवा. तो मरतो, तुरुंगात जातो, परागंदा होतो, नाहीतर शेवटच्या रिळात माफी मागतो. प्रेक्षकही नायकाबरोबर पुढे निघून जातो.

यावर कुणी म्हणेल, ज्या बापांना तुम्ही डोक्यावर घेताय त्यांच्या भूमिका होत्या तरी कशा? मुलीच्या सासऱ्याच्या पायाशी पगडी ठेवणारा, खानदानाच्या इज्जतीसाठी पोटच्या पोरीला कोंडणारा, हुंड्याच्या काळजीने छातीत कळ येणारा बाप गौरवायचा? हा आक्षेप खरा आहे आणि मी तो टाळणार नाही. त्या पगडीने आपल्या समाजाचं फार नुकसान केलं. मुलीचं लग्न म्हणजे बापाचं हरणं, हे चित्रपटांनी इतक्यांदा दाखवलं की ते निसर्गनियमासारखं वाटू लागलं. पण नटाचं मोल करताना लिहिलेली भूमिका आणि वठवलेली भूमिका यांत फरक करायला हवा. नायकाच्या वाट्याला आलेल्या कितीतरी भूमिकाही तकलादू आणि स्त्रीद्वेष्ट्या होत्या. त्या आपण चिकित्सेसह लक्षात ठेवतोच. बापांच्या भूमिकांची चिकित्सा करायलाही आधी त्या कुणी केल्या, कशा केल्या याची नोंद हवी. आणि साचेबंद भूमिकेत खरा माणूस दाखवणं हे नायकाच्या कामापेक्षा अवघड आहे. नायकाला तीन तास मिळतात. बापाला चार प्रसंग मिळतात, त्यातले दोन लग्नाच्या बोलणीचे.

'दो बीघा ज़मीन'मध्ये शंभू महातोच्या म्हाताऱ्या बापाचं काम नाना पळशीकरांनी केलं आहे. बलराज साहनींचा शंभू स्वतः बाप आहे आणि कुणाचा तरी मुलगाही. जमीन जाणार म्हणून तो कलकत्त्याला रिक्षा ओढायला जातो. मागे राहिलेल्या म्हाताऱ्याकडे करण्यासारखं काहीच नाही. पळशीकर ते काहीच नसणं दाखवतात. शरीर वाळलेलं, नजर सतत जमिनीच्या दिशेने. तीन पिढ्यांचा तो चित्रपट या माणसाशिवाय दोन पिढ्यांचा होऊन गेला असता. पळशीकरांना पुढे 'कानून'मधल्या चोरासाठी आणि ख्वाजा अहमद अब्बास यांच्या 'शहर और सपना'साठी फिल्मफेअर मिळालं. ॲटनबरोंच्या 'गांधी'तही ते छोट्या भूमिकेत दिसतात. मराठी माणूस हिंदीत टिकत नाही, अशी तक्रार आपण पिढ्यान् पिढ्या करत आलो आणि जो चाळीसहून अधिक वर्षं टिकला त्याची साधी आठवणही ठेवली नाही.

मराठीकडे वळलो की चित्र थोडं वेगळं दिसतं. राजा परांजपे यांनी १९५४ साली 'ऊनपाऊस' केला. दिग्दर्शक तेच, म्हाताऱ्या मास्तरांची मुख्य भूमिकाही त्यांचीच. वय चव्वेचाळीस. समोर सुमती गुप्ते. आयुष्यभर मुलांना शिकवलेल्या या जोडप्याला म्हातारपणी स्वतःचीच मुलं वाटून घेतात, एक इकडे, एक तिकडे. पुढे कन्नडमध्ये बी. आर. पंतुलू यांनी केलेला 'स्कूल मास्टर' याच कथेवर बेतला आणि तो आणखी कितीतरी भाषांत गेला. मुलांनी टाकलेल्या आईबापांचे जे हिंदी चित्रपट नंतर तुफान चालले, त्यांच्या आधी हा मराठी मास्तर उभा आहे. राजाभाऊंना आपण 'लाखाची गोष्ट' आणि 'पेडगावचे शहाणे' यांच्यासाठी ओळखतो, ते योग्यच. पण बाप हा गोष्टीचा नायक होऊ शकतो, हे त्यांनी 'सारांश'च्या तीस वर्षं आधी दाखवलं, हे श्रेय त्यांना कुणी देत नाही.

मराठी रंगभूमीने हे आणखी ठळक केलं. २३ डिसेंबर १९७० रोजी 'नटसम्राट'चा पहिला प्रयोग झाला. अप्पासाहेब बेलवलकर ही मराठीतली सर्वांत मोठी बापाची भूमिका, आणि ती चार प्रसंगांची नव्हे तर अख्ख्या नाटकाची आहे. डॉ. लागूंनंतर दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनी ती केली. कुणी कशी केली यावर आपल्याकडे घराघरांत वाद झाले. त्याच लागूंकडे हिंदी चित्रपटाने काय दिलं? 'मुकद्दर का सिकंदर'मध्ये अनाथ पोरावर चोरीचा संशय घेणारा श्रीमंत बाप, आणि मग तसेच, सुटाबुटातले, कितीतरी. लागू तेच होते, त्यांच्यासाठी लिहिणारे बदलले होते. म्हणून नटाची थोरवी भूमिकेच्या लांबीवर मोजणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

अर्थात रंगभूमीही सगळ्यांना सारखी वागवत नाही. 'रायगडाला जेव्हा जाग येते' हे बाप आणि मुलाचं नाटक आहे. डॉ. काशिनाथ घाणेकरांचा संभाजी आजही दंतकथा होऊन राहिला आहे, त्यांच्या आयुष्यावर २०१८ साली चित्रपटही आला. समोर शिवाजी महाराज होते गोव्याचे मास्टर दत्ताराम. मुलाच्या बंडाने आतून पोखरलेला, राजेपण आणि बापपण यांत भरडलेला तो शिवाजी नसता, तर संभाजी कुणावर आदळला असता? ज्यांनी प्रयोग पाहिले ते दत्तारामांचं नाव हळुवारपणे घेतात. पुढच्या पिढ्यांपर्यंत मात्र फक्त मुलगा पोचला.

पुरस्कारांचा इतिहासही सरळच बोलतो. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी सुवर्णपदक मराठीला मिळालं, 'श्यामची आई'ला. नटांसाठी राष्ट्रीय पुरस्कार १९६७ च्या चित्रपटांपासून सुरू झाला. सहायक अभिनेत्यासाठी स्वतंत्र पुरस्कार मात्र १९८४ च्या चित्रपटांपासून. नाना पळशीकर त्याच १९८४ मध्ये वारले. नझीर हुसेन १९८७ ला गेले, मनमोहन कृष्ण १९९० ला. ज्या पिढीने हे काम उभं केलं, तिची उमेद सरल्यावर राष्ट्राला तिच्यासाठी रकाना काढावासा वाटला.

ए. के. हंगल यांच्याबद्दल लिहिताना मला नेहमी संताप येतो. स्वातंत्र्यचळवळीत उतरलेला, फाळणीनंतर कराचीच्या तुरुंगात राहिलेला, शिंपीकामावर पोट भरणारा, इप्टा या डाव्या विचारांच्या नाट्यसंघटनेच्या नाटकांत काम करणारा हा माणूस पन्नाशीच्या आसपास चित्रपटात आला. 'गुड्डी', 'अभिमान' या हृषीकेश मुखर्जींच्या चित्रपटांत मुलीशी मैत्रीने बोलणारा, तिच्यावर ओरडायची गरज न वाटणारा बाप त्यांनी उभा केला. हिंदी पडद्यावर असा बाप तोवर दुर्मीळ होता. 'शोले'तला आंधळा इमाम सगळ्यांना आठवतो, पण त्याचं 'इतना सन्नाटा क्यों है भाई' हे एकच वाक्य आठवतं आणि तेही आता थट्टेत वापरलं जातं. त्या वाक्यानंतर काय होतं, ते पाहा. कोवळ्या अहमदचं प्रेत दारात आलं आहे. तो अहमद म्हणजे आपले सचिन पिळगावकर. गाव घाबरून जय-वीरूला हाकलायला निघालं आहे. पोरगा गमावलेला हा आंधळा बाप उठतो आणि गावाला सांगतो की देवाने मला आणखी मुलं का दिली नाहीत, म्हणजे मी तीही गावासाठी दिली असती. त्या क्षणापासून रामगढचा लढा गावाचा होतो. चित्रपटाचा कणा तिथे उभा राहतो, एका साठीच्या नटाच्या खांद्यावर. २००६ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. २०११ मध्ये औषधपाण्यालाही पैसे नसल्याच्या बातम्या आल्या आणि मग मदतीचा ओघ लागला. दोनशेहून अधिक चित्रपट केलेल्या माणसाला नव्वदी ओलांडल्यावर लोकांच्या दयेची वाट पाहावी लागली.

हंगलांच्या आणि बलराज साहनींच्या वाट्याला एम. एस. सथ्यू यांचा 'गर्म हवा' आला हे आपलं भाग्य. आग्र्याचा जोडेवाला सलीम मिर्झा हा माझ्या मते भारतीय पडद्यावरचा सर्वश्रेष्ठ बाप. घर जातं, धंदा जातो, भाऊ आणि थोरला मुलगा पाकिस्तानात जातात, हा जागचा हलत नाही. मुलगी आमिना जीव देते तेव्हा साहनी आक्रोश करत नाहीत, ते गप्प होतात. काही काळापूर्वीच त्यांची स्वतःची मुलगी गेली होती. त्या चित्रपटाचं डबिंग आटोपलं आणि लगेच, १३ एप्रिल १९७३ रोजी, साहनी गेले. साहनी मोठे नट म्हणून मान्य होते, त्यांना विसरलेलं म्हणता येणार नाही. पण त्यांचं नाव इथे घेतल्याशिवाय हा विषय पुराच होत नाही.

आता प्रश्न असा की करायचं काय. मे २०२२ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहिमेखाली जुने चित्रपट पूर्ववत करण्यासाठी ३६३ कोटी रुपये जाहीर केले, सुमारे २,२०० चित्रपट डोळ्यांसमोर ठेवून. याचं केंद्र आपल्या पुण्यात आहे, १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात, जे पी. के. नायर यांनी आयुष्य ओतून उभं केलं. फिल्मवरचे ओरखडे पुसले जातील, रंग उजळतील, आवाज स्वच्छ होईल. हे काम अत्यंत मोलाचं आहे. माझी मागणी एवढीच आहे की प्रत्येक पूर्ववत झालेल्या चित्रपटाबरोबर त्याची भूमिकावार नामावलीही तयार व्हावी. कोणत्या पात्राचं काम कुणी केलं, हे तपासून, चेहऱ्याच्या चित्रासह, सगळ्यांना मोफत पाहता येईल असं. मूळ पाटीवर नाव नसेल तर ते शोधून लिहावं. संग्रहालयाकडे त्या काळच्या गाण्यांच्या पुस्तिका आहेत, छायाचित्रं आहेत. कानपूरच्या हरमंदिर सिंग 'हमराज' यांनी हिंदी चित्रपटगीतांचा कोश एकट्याच्या चिकाटीने उभा केला आणि त्यात चित्रपटागणिक कलाकारांची नावंही नोंदवली. एका व्यक्तीला जे जमलं ते सरकारी मोहिमेला जमू नये?

श्रेयनामावली ही शोभेची गोष्ट आहे असं समजणाऱ्यांनी कायदा वाचावा. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. ज्याचं चित्रपटातलं काम किरकोळ आहे आणि धंद्याच्या रीतीप्रमाणे ज्याचं नाव श्रेयांत कुठेच येत नाही, त्याला एका मर्यादित हक्काचा अपवाद वगळता कलाकारच धरलं जाणार नाही, असं त्यातली व्याख्या सांगते. नाव असणं आणि हक्क असणं इतकं जवळचं आहे. जुन्या नटांच्या वारसांना आज पैसे मिळतील असं मी म्हणत नाही. पण नव्या चित्रपटांत, मालिकांत, ॲपवरच्या वेबसिरीजमध्ये बापाची, काकाची, शेजाऱ्याची भूमिका करणाऱ्या प्रत्येक नटाचं नाव पात्राच्या नावासह येणं बंधनकारक व्हावं, आणि शेवटच्या पाट्या सुरू होताच पुढचा भाग लावून त्या झाकणाऱ्या ॲपना चाप लागावा.

मराठीपुरतं काम तर आपल्या हातात आहे. अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळ कोल्हापुरात आहे. जयप्रभा आणि शालिनी स्टुडिओत ज्यांनी काम केलं, त्यांच्यातली काही माणसं अजून आहेत. कृष्णधवल चित्रपटातला कोपऱ्यातला चेहरा पाहून 'हे अमुक, यांचं घर शुक्रवार पेठेत होतं' असं ती क्षणात सांगतात. राज्य सरकारने फार मोठा खर्च न करता चार-दोन संशोधक, एक कॅमेरा आणि चित्रपटांच्या चांगल्या प्रती घेऊन या माणसांसमोर बसावं. दर चित्रपटामागे ओळख पटलेली नावं पुण्याला पाठवावीत. ही माणसं आता ऐंशीच्या पुढची आहेत. त्यामुळे हे काम पुढच्या अर्थसंकल्पासाठी ठेवण्यासारखं नाही.